मिठाची राखण

"तुला इंग्रजी येतं ना गं?" एवढाच प्रश्न होता. मी आसनगावला आमच्या ओट्यावर बसून बुटाचा निसटलेला तळ चिकटवत होते, आणि दोन्ही हात गोंदाने भरलेले असले की माणूस कशालाही हो म्हणतो.

फोन शिल्पाताईचा होता. शनिवार-रविवारी मी ट्रेकवाल्यांना वाट दाखवते, चहा करते, मागे रेंगाळणाऱ्यांना पुढे हाकते. ताई त्या रेंगाळणाऱ्यांपैकी. तिच्या ओळखीने केपटाउनहून, म्हणजे थेट दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरून, एक बाई आली होती. हेस्टर नाव, वय बासष्ट, निवृत्त नर्स, एकटी. तिला 'कल्याणच्या वरचा डोंगर' बघायचा होता, आणि भाड्याच्या गाडीवाल्याने तिला दोन दिवस कल्याणातच गोल गोल फिरवून हॉटेलवर आणून सोडलं होतं.

"कुठला डोंगर पण?"

"तेच तर तिला माहीत नाही. तुला असली वेडी कामं आवडतात, तू बघ."

आवडतात खरी. बारावीला मी दोनदा बसले, दोन्ही वेळा इंग्रजी सुटलं आणि बाकीच्या विषयांनी गाडलं. त्यामुळे माझं इंग्रजी पास झालेलं आहे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी आसनगाव स्टेशनबाहेर मी स्कूटर घेऊन उभी राहिले. गोरी, उंच, टोपीवाली बाई शोधत होते. सगळी गर्दी पांगली तरी तशी कुणी दिसेना. मग पाहिलं तर रिक्षावाले एका लहानखुऱ्या, सावळ्या, पांढऱ्या कुरळ्या केसांच्या बाईला घेरून "मावशी, शहापूर? मावशी, किन्हवली?" करत होते, आणि ती बाई हसून हात जोडत होती. दिसायला अगदी माझ्या आत्याची मावसबहीण. मी जाऊन "हेस्टर?" म्हटलं तर एक रिक्षावाला माझ्यावरच उखडला, "मावशीला नावानं हाक मारतेस?"

शहापूरला मिसळ खायला बसलो आणि तिने पिशवीतून एक वही काढली. इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास या वहीतल्या पाच ओळींमुळे झाला.

हेस्टरच्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात राहिलं की शेवटी एका बाईपाशी वाट संपते. कागदावर तिचं नाव राकेल. ते तिचं खरं नाव नव्हे. तीन-सव्वातीनशे वर्षांपूर्वी केपला डचांची वसाहत होती. आपल्या जुन्या भाषेत त्यांना वलंदेज म्हणत. पूर्वेकडे येणारी-जाणारी त्यांची जहाजं तिथे पाणी, भाजीपाला घ्यायला थांबायची, आणि तिथे राबायला ते माणसं विकत आणायचे: मादागास्करहून, जावाहून, आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून. आणलं की नाव बदलायचं, आणि आडनावाच्या जागी ते माणूस कुठून आलं ते लिहायचं. राकेल, कल्याणची. आता, कल्याण तेव्हा बंदर होतं. तिथून जहाजावर चढलेलं माणूस कल्याणचंच असेल असं काही नाही.

राकेल म्हातारी झाली तेव्हा मालकाच्या घरी चोरी झाली. कोर्टात तिची साक्ष झाली. कारकुनाने आधी विचारलं, तू कोण, कुठली. तिने जे सांगितलं ते हेस्टरने वहीत उतरवलं होतं. वर डच, खाली इंग्रजी. मी पाव बाजूला ठेवून त्याखाली मराठी मनातल्या मनात लिहिलं:

'माझं घर कल्याणच्या वर, डोंगराच्या अंगाला होतं. आई आणि मी मीठ घेऊन दगडी पायऱ्यांची वाट चढत होतो. आईने माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाली, इथे थांब. मी थांबले. मग दुसरीच माणसं आली.'

बस्. पुढे चार पानं चोरीची.

"आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे," हेस्टर म्हणाली, "की तिच्या आईने तिला विकलं. माझी आजी म्हणायची, विकताना निदान हातात एक काठी तरी दिली."

हे सगळं ती मिसळीत लिंबू पिळावं तितक्या साधेपणाने सांगत होती. पण मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरात आजही कुठलीच आई मुलीला 'इथे थांब' म्हणत नाही. बाजारात नाही, दवाखान्यात नाही. सोबत न्यायचं नाहीतर घरी ठेवायचं. आणि मुलींनीही कुणासाठी थांबायचं नाही. हेस्टर बसथांब्यावरसुद्धा उभी राहत नाही, पुढच्या थांब्याकडे चालायला लागते. (हे खोटं नव्हतं. नंतर शहापूरला औषधाच्या दुकानात मी दोन मिनिटं गेले, तर बाई किन्हवलीच्या रस्त्याला लागलेली.)

मला हसू आलं, कारण माझी आई गेली चोवीस वर्षं मला एकच वाक्य म्हणतेय: इथंच थांब, मी आले. आणि मी एकदाही थांबलेली नाही. पाच वर्षांची असताना शहापूरच्या बाजारातून मी एका बहुरूप्यामागे गेले होते. सापडले तेव्हा आईने मला आधी मारलं, मग रडली, मग पुन्हा मारलं.

हेस्टर एवढ्या लांब आली होती ती एका गोधडीपायी. तिची धाकटी बहीण घराण्यातल्या सगळ्या बायकांची गोधडी शिवतेय, प्रत्येकीचा एक चौकोन. नाताळला सगळं कुटुंब जमतं तेव्हा ती अंथरायची. राकेलच्या वरचा चौकोन तिच्या आईचा. त्यासाठी बहिणीने काळं कापड कापून ठेवलं होतं. म्हणे, जिने पोर विकली तिला नक्षी कशाला? दोघी बहिणींचं त्यावरून इतकं वाजलं की हेस्टर विमानाचं तिकीट काढून मोकळी झाली.

"मला ती चांगली होती असं कुणी सांगायला नको आहे," ती म्हणाली. "मला फक्त कळायला हवंय."

कल्याणच्या वर, मीठ, दगडी पायऱ्या. मी तोंडात घास असतानाच म्हटलं, "नाणेघाट."

कल्याणहून जुन्नरकडे चढणारी ही जुनी व्यापाराची वाट मुरबाडच्या पलीकडे आहे. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत माळशेजच्या रस्त्याला लागायचं, टोकावडे ओलांडलं की पुढे वैशाखरे, तिथून चढ. स्कूटरवर निवांत गेलं तरी दुपारपर्यंत पोचतो. आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी, कारण वाटेत डोळखांबचा फाटा लागला आणि मला आठवलं की तिकडे आता खळ्यावर भात झोडत असतील, हेस्टरने हे बघायलाच हवं. तिने बघायला हवं होतं की मला, ते सोडा.

डोळखांबच्या पुढे रस्ता जंगलातून जातो. खड्डे आहेत, पण सावली आहे. पेट्रोल शहापूरलाच भरून घ्या. एका पाड्यावर खळं चालू होतं. बायका पेंढ्या लाकडी पाटावर आपटत होत्या आणि भाताचा धुरळा उन्हात तरंगत होता. सखूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हेस्टरला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्या कुठल्या गो? धसईच्या का?"

"आफ्रिकेच्या."

"म्हंजी वाड्याच्या पल्याड?"

"बरंच पल्याड."

"मंग एवढ्या लांबून आल्या त्या उभ्या काय? दे त्यांना पेंढी."

हेस्टरने वीस पेंढ्या झोडल्या. बायका हसल्या, मग तिच्या मनगटाची पकड पाहून हसायच्या थांबल्या. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळाली. हॉटेलात कुठे मिळेल म्हणून विचारू नका, मिळत नाही. माणसं ओळखीची करा.

पाड्यावरची अर्धी घरं बंद होती. दारांना कुलूप, काहींना नुसत्या काटक्या आडव्या. हेस्टरने विचारलं, ही माणसं कुठे गेली?

"भट्टीवर," सखूबाई म्हणाल्या. "विटा पाडाया. भात झाला की जात्यात, पावसाला येत्यात."

"आणि मुलं?"

"पोरं संगती. पोर मागं सोडून कोण जातं?"

मी तसंच्या तसं सांगितलं. हेस्टरने वहीत लिहून घेतलं, सखूबाईंच्या नावासकट.

रात्रीला शहापूरच्या लॉजवर परत, आणि शनिवारी सकाळी निघून दहाच्या सुमारास टोकावड्याला. इथे ढाबे भरपूर. मोठ्या पाटीच्या ढाब्यांवर माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबतात. मी एसटी थांब्याजवळच्या पत्र्याच्या हॉटेलात जाते, कारण तिथे भजी समोर तळतात आणि बाकावर बसलेले लोक बोलायला मोकळे असतात. त्या दिवशी बाकावर गोविंदबाबा होते. सत्तरी ओलांडलेले, शेती मुलाच्या हवाली केलेली. मी त्यांना राकेलची गोष्ट सांगितली. पाच ओळींची गोष्ट सांगायला किती वेळ लागतो? ते भजं हातात धरून ऐकत राहिले.

"इकली असंल," ते म्हणाले.

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"खोटं कशाला बोलू? माझा आजा सांगायचा, दुकाळात नाचणीसाठी पोरी दिल्यात लोकांनी. घरात पाच तोंडं. एक द्यायची, चार जगवायची. आई काय करंल? तिला काय हौस हाय? आन मुद्दाम घाटात देयाची. गावात दिली तर पोर रडत घरी येती."

हेस्टर माझ्याकडे बघत होती. "काय म्हणाले?"

आणि मी, बारावी इंग्रजी पास, म्हणाले, "ते म्हणतात, इथली कुठलीच आई असं करणार नाही."

हेस्टरच्या चेहऱ्यावर असं काहीतरी उजळलं की मला ते परत घेता येईना. ती वही उघडून लिहायला लागली. गोविंदबाबांनी तिच्या पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी एवढं बोललो," ते म्हणाले, "आन तुझं एवढंसंच झालं?"

त्यांनी बोटांनी एवढं आणि एवढंसं दाखवलं. ते दाखवायला भाषा लागत नाही. हेस्टरचं पेन थांबलं. चहाचे पैसे तिने दिले, भज्यांची तारीफ केली, आणि आम्ही वैशाखऱ्याला निघालो.

तिथे एका ओळखीच्या घरी मी राहण्याची सोय केली होती. जेवणासकट माणशी पाचशे, आधी फोन करावा लागतो. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. समोर कड्यावर ऊन चढत चढत वर चाललं होतं. हेस्टर म्हणाली, "तो म्हातारा दोन मिनिटं बोलला. तू एक वाक्य सांगितलंस. उरलेलं कुठे आहे?"

मी सांगितलं. पाच तोंडं, नाचणी, रडत घरी येणारी पोर, सगळं. सांगताना माझं इंग्रजी तुटत होतं आणि ती मला एकाही शब्दाला मदत करत नव्हती.

"मी बेचाळीस वर्षं वॉर्डात होते," ती म्हणाली. "बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारे डॉक्टर मी खूप पाहिलेत. त्यानंतर त्यांचं खरंही कुणी ऐकत नाही."

तिने वही काढली आणि टोकावड्याची ओळ खोडली. मग एक पान मागे गेली, डोळखांबच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हे? पोर मागे सोडून कोण जातं? हे खरं की तुझं?"

"खरं आहे. शप्पथ."

"आता मी कसं ओळखू?"

तिने त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि आत गेली. मला आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ बोललंय, बहुतेक आईने. त्यातलं काहीच इतकं लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी सातला चढायला लागलो. वाट सोपी आहे, चुकायला जागा कमी. पहिला टप्पा झाडीतून, मग दगडी पायऱ्या सुरू होतात, काही घडवलेल्या, काही पावसाने हलवलेल्या. माथ्याला तीन तास लागतात. पाणी दोन लिटर घ्या, डिसेंबरातही लागतं. हेस्टरचे गुडघे त्रास देत होते, पण ती थांबत नव्हती. माझ्याशी मात्र जरुरीपुरतंच बोलत होती. मी दोनदा पक्षी दाखवायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर पक्षी नव्हताच.

दीडेक तास झाला असेल. वाटेला एक वळण आहे. तिथे कमरेएवढा सपाट धोंडा आहे, ओझं टेकवायला बरा पडणारा. धोंड्यावर गवताचा मोठा भारा होता. भाऱ्याला टेकून सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती. फ्रॉकवर स्वेटर, पायात मोठ्या माणसाच्या चपला. आणि हातात काठी.

मी पुढे निघूनही गेले होते. मागे पावलं वाजेनात म्हणून वळले तर हेस्टर त्या मुलीसमोर उभी. आपणहून थांबलेली. काठीकडे बघत होती.

मी परत आले. "नाव काय गं तुझं?"

"रोशनी."

"आई कुठाय?"

"खेपंला गेली. दुसरा भारा आनाया."

"कुठं?"

तिने काठीने वर दाखवलं.

"आणि तू?"

"मी राखन," ती म्हणाली, तेवढंही कळत नाही का अशा आवाजात. "ढोरं येत्यात."

मी हेस्टरकडे वळले, तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या तोंडून आलेलं तिला काय उपयोगाचं?

"काय म्हणाली?"

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "इथे थांबून बघू या."

"मी थांबत नाही. तुला माहीत आहे."

"हो."

ती उभी राहिली. मग तिने पाठीवरची पिशवी काढली, धोंड्याच्या पायथ्याशी ठेवली आणि त्या मुलीच्या शेजारी जमिनीवर बसली.

किती वेळ गेला? पाऊण तास तरी. मला विचाराल तर चार दिवस. मी तीन वेळा उठले. वर जाऊन आईला शोधून आणते म्हटलं, झऱ्यावर पाणी बघून येते म्हटलं. हेस्टरने तिन्ही वेळा एका बोटाने मला खाली बसवलं. रोशनीला तिने बिस्किटाचा पुडा दिला. रोशनीने दोन खाल्ली आणि दोन स्वेटरच्या खिशात घातली. "आईला," ती म्हणाली. ते मी सांगायच्या आधीच हेस्टरला कळलं होतं.

मग खालच्या बाजूने एक तांबडी गाय आली. गुपचूप, दुसरीकडे बघत, जणू तिला गवताशी काही देणंघेणं नाही. रोशनीने तिला अगदी जवळ येऊ दिलं आणि काठी धोंड्यावर हाणली. "हऽड्!" गाय दचकून वळली. हेस्टरने तोंडावर हात धरला. हसतेय असं वाटलं मला. मग दिसलं की हसत नव्हती.

आणि मग वरून गवताचा दुसरा भारा उतरताना दिसला. आधी नुसता भारा, पाय असलेला. जवळ आला तेव्हा खाली तिशीची एक बाई होती, घामाने चिंब, मान ताठ. रोशनी उठली नाही, धावली नाही. काठी बाजूला टाकली आणि खिशातली बिस्किटं काढली, ड्युटी संपल्यासारखी.

बाईने आम्हाला पाहिलं. "काय गो, पोर पळवाया आल्या काय?" असं म्हणून ती स्वतःच हसली. तिचं नाव यमुना, पाडा खालीच.

आता मात्र हेस्टर म्हणाली, "विचार. आणि एकेक वाक्य सांग. ती जेवढं बोलेल तेवढंच."

मी तसंच केलं. यमुनाबाई एक वाक्य बोलायच्या, मी हात वर करून त्यांना थांबवायचे, इंग्रजी करायचे, मग पुढचं.

"एकलीला दोन ओझी कशी नेयाची? एक पुढं नेऊन टाकायचं. पोर बसवायची. मागं फिरायचं, दुसरं आनायचं. मंग परत पयलं पुढं. आसंच आमी करतो. माझी आई पन, तिची आई पन. मी पन बसलीय ह्याच धोंड्यावर." मग वैतागून, "ही बया शब्द काय मोजून घेतीय?"

"आणि गवताऐवजी मीठ असतं तर?"

"मीठ?" त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. "मिठाला तर राखन पायजेच पायजे. ढोर मीठ सोडतंय काय? चाटून चाटून गोनी फोडंल. काठी नसंल तर पोरीचं काय आयकतंय?"

मी हे सांगितलं. काठी हा शब्द सांगताना मी काठीकडे बोट दाखवलं, गरज नसताना. हेस्टरने बाजूला पडलेली काठी उचलून धोंड्याला टेकवली. मग तिने जे विचारलं ते मला विचारायचं नव्हतं.

"ती दुसरं ओझं घेऊन आली, आणि पोर जागेवर नाही. तर?"

मी विचारलं. यमुनाबाईंनी रोशनीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतल्या गवताच्या काड्या काढायला लागल्या.

"आसं इचारू नये गो."

"यांच्या घरातलं आहे, ताई. फार जुनं. पोर नेली कुणी तरी. आई मीठ आणायला गेलेली."

काड्या काढणं चालूच होतं. "मंग मीठ? मीठ पन नेलं का तिथंच ऱ्हायलं?"

मी हेस्टरला विचारलं. वहीत मिठाबद्दल पुढे काही नव्हतं.

"तिथंच ऱ्हायलं आसंल," यमुनाबाई म्हणाल्या, "तर ती बाय त्या मिठापाशी बसली आसंल. पोर येईल तर तिथंच येईल ना? जानार कुठं?"

मी एकेक वाक्य सांगितलं. एकही शब्द घातला नाही, काढला नाही. हेस्टरने ते लिहिलं नाही. वही पिशवीतच राहिली.

उन्हं वाढली होती. यमुनाबाई उठल्या, चुंबळ डोक्यावर बसवली आणि सरळ हेस्टरला म्हणाल्या, "बाय, जरा हात लावा." भारा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतंच, आपल्याकडे वाटेवर कुणीही कुणालाही हे सांगतं. हेस्टरने मला अर्थ विचारला नाही. दोन्ही हातांनी भारा उचलला, त्या मनगटांनी, आणि यमुनाबाईंच्या डोक्यावर नीट बसवला. दुसरा भारा धोंड्यावर राहिला. रोशनी पुन्हा काठी घेऊन बसली. आम्हीही यमुनाबाईंच्या मागून उतरायला लागलो, आणि खाली वळणापर्यंत गेलो तरी "हऽड्" ऐकू येत होतं.

माथा आम्ही पाहिला नाही. वरची लेणी, दगडी रांजण, अंगठ्याचा सुळका, काही नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉग वाचा.

सोमवारी स्टेशनवर गाडीची वाट बघताना हेस्टर म्हणाली, "यातून काही सिद्ध होत नाही."

"नाही."

"तुझा तो टोकावड्याचा म्हाताराही बरोबर असू शकतो."

"हो. त्यांनी मनापासून सांगितलं होतं."

"पण मग काळं कापडही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. गाडीला दहा मिनिटं होती. ती फलाटाच्या टोकाकडे चालायला लागली नाही, बाकावर बसून राहिली. एवढंच मी पाहिलं. त्यावरून मी काही म्हणत नाही.

घरी आल्यावर आईने प्रवास विचारला नाही, बूट पुन्हा फाटले का ते विचारलं. मी बऱ्याच दिवसांनी तिच्या हातांकडे पाहिलं. किन्हवलीजवळच्या माहेराहून दर हिवाळ्यात ती तांदूळ आणते, दोन पिशव्या, प्रत्येकी पंधरा किलो. जीप आसनगावला हमरस्त्यावर सोडते, तिथून रिक्षास्टँडपर्यंत चालत. दोन पिशव्या एकदम झेपत नाहीत. आई एक आणून ठेवते, मला म्हणते इथंच थांब, आणि दुसरीसाठी मागे जाते. लहानपणापासून असंच. म्हणजे मी बहुरूप्यामागे गेले तेव्हा तिच्या हातात काय होतं, आणि बाजारात कुठल्या जागी कुठली पिशवी एकटी पडली होती, हे मी कधी तिला विचारलंच नव्हतं.

नाताळच्या दोन दिवस आधी आम्ही तांदूळ घेऊन आलो. आईने पिशवी रिक्षास्टँडच्या कट्ट्याला टेकवली. "थांब इथंच, मी आले," म्हणाली, अगदी सवयीने, मी थांबणार नाही हे धरूनच. आणि गेली. समोर एक माणूस लोखंडी पिंजऱ्यात रंगीत कोंबडीची पिल्लं विकायला घेऊन आला. जांभळी होती, पोपटी होती. माझे पाय आपोआप हलले. तेवढ्यात फोन वाजला.

हेस्टरने फोटो पाठवला होता. गोधडीतला सगळ्यात वरचा चौकोन. काळं कापड नव्हतं, तपकिरी होतं. पांढऱ्या दोऱ्याच्या पायऱ्या. पायऱ्यांवर एक लहानशी पांढरी गोणी, तिच्याशेजारी मुलगी, तिच्या हातात काठी. आणि अगदी खालच्या कोपऱ्यातून डोक्यावर दुसरी गोणी घेतलेली एक बाई वर येत होती. मी नीट पाहिलं. यमुनाबाई वरून खाली आल्या होत्या, पण मीठ कल्याणहून वर चाललं होतं, म्हणजे दुसरी खेप खालूनच यायला हवी. हे मी तिला सांगितलं नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'बहीण दोन दिवस भांडली. काठी मात्र तिनेच शिवली.'

मी फोटो मोठा करून बघत बसले. पिल्लंवाला गेला. एक बकरी येऊन पिशवीचा कोपरा हुंगायला लागली, तिला मी "हऽड्" केलं.

आई दुसरी पिशवी घेऊन आली, धापा टाकत. पिशवी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अजून इथंच?" ती म्हणाली. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप-बिप आलाय का गं तुला?"